हाणू का?

शिदूतात्यांना "बरं हाय का?" असं चुकूनसुद्धा विचारायचं नाही, हे सासूबाईंनी मला सासरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. मला वाटलं, माणूस तापट असेल. नवी नवरी मी, आठवडाभरात विसरून गेले. शेतावर भाकरी घेऊन निघाले होते, समोरून तात्या आले. पदर सावरत मी म्हटलं, "तात्या, बरं हाय न्हवं?"

झालं! तात्या जागच्या जागी थांबले. खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं, माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं आणि विचार करायला लागले. डोक्यावर पाटी घेऊन मी उन्हात उभी. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डावा गुडघा दुखतुया. सकाळी उठलो तवा लय वाईट वाटत हुतं, ते आता जरा कमी हाय. भूक लागलीया. एकूणात बरं न्हाई. पर तू इचारलंस, त्यानं जरा बरं वाटलं." आणि मग मलाच विचारलं, "तुझं काय?"

"बरं हाय की," मी म्हटलं.

"असं पटदिशी नगं सांगू. बघून सांग."

बघून सांग म्हणे! काय बघायचं होतं मला? लग्न होऊन पंधरवडा झाला नाही तोवर नवरा पलटणीत परत गेलेला. लढाई सुरू होऊन वर्ष होत आलेलं. घरात सासूबाई आणि मी, दारात एक म्हैस. आईनं निघताना सांगितलं होतं, कुणी विचारलं की बरं आहे म्हणायचं, आणि मी म्हणत होते. तात्या मात्र हलेनात. मी खरंच बघायला लागले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाटी सांभाळत मी पळत सुटले ती बांधापर्यंत. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तरी तुला म्हणलं हुतं!"

आमचं गाव विट्याहून आटपाडीकडं जाताना लागतं. माळरान जास्त, पाणी कमी. आमच्या रानाला लागून तात्यांचं रान, मध्ये एक बांध आणि बांधाला खेटून त्यांची विहीर. उंच, किडकिडीत माणूस. मिशा पांढऱ्या व्हायच्या आधीच कंबरेत जरा वाकलेला. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरी केली नाही. घरात तात्या, त्यांच्या धाकट्या भावाची विधवा कृष्णाबाई आणि तिची मुलगी तानी. भावाचं नाव तुका. तो मी यायच्या आदल्या उन्हाळ्यात गेला होता. कसा गेला ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मला ते कृष्णाबाईंनीच सांगितलं, जात्यावर बसून, हात न थांबवता.

आता मोटा गेल्या, म्हणून सांगावं लागतं. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं कातड्याचं मोठं भांडं. तिला जाड दोर, त्याला नाडा म्हणायचं. नाडा विहिरीच्या काठावरच्या लाकडी चाकावरून येई, त्याचं दुसरं टोक बैलांच्या जूला. विहिरीच्या काठापासून बैलांसाठी उतार केलेला असे, ती धाव. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येई, पाणी थारोळ्यात पडे आणि पाटानं पिकाला जाई. मग बैल उलट्या पावलांनी वर घ्यायचे, मोट पुन्हा पाण्यात. दिवस मावळेपर्यंत खाली-वर, खाली-वर. बैलांच्याही ते इतकं अंगवळणी पडायचं की मोटकरी नाड्यावर बसून पेंगला तरी काम चालू.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मोट बुडत नाही, आडवी पडून राहते. तेव्हा एकानं विहिरीत उतरायचं, मोट हातानं दाबून भरायची आणि वर आरोळी द्यायची, "हाण!" मग वरच्यानं बैल हाणायचे. त्या दिवशी तुका खाली होता आणि तात्या वर. नाड्याचा पीळ तुकाच्या पायात अडकला, तो सोडवत होता. त्यानं आरोळी दिलीच नव्हती. पण आरोळी यायची वेळ झाली होती, आणि तात्यांच्या हातांना ती वेळ पाठ होती. बैल खाली गेले. तुका मोटेबरोबर निम्म्या विहिरीपर्यंत वर आला, दगडावर आपटला आणि सुटून खाली पडला.

सगळ्यांनी तात्यांची समजूत घातली. वेळ आली होती, नशिबात होतं, जनावराला काय कळतंय, असं जे म्हणतात ते सगळं म्हणून झालं. तात्यांनी एकही गोष्ट मान्य केली नाही. "मी न्हवतोच तितं," ते म्हणायचे. "हात हुतं, बैलं हुती. मी न्हवतो." कुणीतरी विचारलं, मग होतात कुठं? "त्येच आठवत न्हाई," तात्या म्हणाले. "कुटं गेलो असतो तर आठवलं असतं."

तुकाच्या तेराव्याला त्यांनी कृष्णाबाईंपुढं तानीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "हिच्या बाबतीत मी असा गैरहजर ऱ्हाणार न्हाई." कृष्णाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. दीर-भावजयीत तसंही बोलणं कमीच असे.

तेव्हापासून तात्यांचं ते सुरू झालं. जे करायचं ते आधी तोंडानं म्हणायचं. "आता भाकरी मोडतो." "आता उजव्या पायात पायताण घालतो." शेताला रोज वेगळ्या वाटेनं जायचे, कधी ओढ्यातून, कधी देवळामागून, कारण रोजच्या वाटेनं पाय आपले आपण जातात आणि माणूस मागं राहतं म्हणे. गावातली पोरं त्यांच्या मागून चालायची, "आता शेंबूड पुसतो, आता ढेकर देतो," करत. तात्या वळून बघायचे आणि म्हणायचे, "पुस की. पर पुसतोयास त्ये ध्येनात ठेव." पोरं खिदळायची. आम्ही बायकासुद्धा हसायचो, खोटं कशाला बोलू?

हसू यायचं नाही ते एकाच गोष्टीचं. मोटेवर बैल वर आले, मोट भरली, की हाणायच्या आधी तात्या विहिरीत तोंड करून विचारायचे, "तुका, हाणू का?"

खाली कोणी नसायचं. तुका गेल्यापासून त्यांनी कुणाला विहिरीत उतरू दिलंच नव्हतं. पाणी तळाला गेलं की मोट बंद, पीक जळालं तर जळू दे. तरी दर खेपेला विचारायचे, जरा थांबायचे आणि मगच बैलांना "चला रं" म्हणायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थारोळ्यावर धुणं धूत होते. माझ्या हातातलं लुगडं पाटातून वाहत गेलं. पण माणसाला सवय कशाची होत नाही? दोन-तीन वर्षांत ती आरोळी चाकाच्या कुरकुरीसारखी झाली. कानावर पडायची आणि ऐकू यायची नाही.

भरतीची गाडी आली तेव्हाचं सांगते. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, त्यात नवल काही नाही. चावडीपुढं लॉरी उभी, गावातली पोरं चढत होती, हलगी वाजत होती. तात्या लॉरीच्या मागच्या फळकुटापाशी जाऊन उभे राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "तुला जायाचंय का रं?"

"आवं तात्या, सरका की!"

"सरकतो. जायाचंय का?"

काही जण "व्हय" म्हणाले, काही हसले. भरतीचा हवालदार ओरडला, "ए बाबा, हट!" सगुणाकाकूंचा बाळकू मात्र थांबला. मिसरूड फुटलेलं पोर. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "काय की तात्या. समदी चाललीत म्हणून मी बी."

"मग जरा थांब. उद्या जा."

"उद्या गाडी कुटं हाय?" असं म्हणून बाळकू चढला.

ब्रह्मदेशात गेला आणि परत आला नाही. सगुणाकाकूंनी पाटलांसमोर, साऱ्या गावासमोर तात्यांना शिव्या दिल्या. माझ्या पोराच्या मनात शंका घातली म्हणाल्या. तात्या ऐकत राहिले. पण महिन्याभरानं काकू स्वतःच तात्यांच्या दारात येऊन बसल्या. "त्या दिशी माझा बाळू कसा दिसत हुता?" त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. घाईत भाकरी बांधून दिली होती, तोंडाकडं बघितलंच नव्हतं. तात्यांनी सांगितलं: सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, तिथं काटा टोचलेला, कानामागं काजळाचा ठिपका, तो तुझाच असणार. चढताना आधी डावा पाय टाकला. गाडी हलली तेव्हा तो हसत होता, पण हात फळकुटाला घट्ट धरलेला. काकू रडल्या आणि उठून गेल्या. पुन्हा आल्या. वर्षभर येत होत्या, आणि तात्या दर वेळी पहिल्यापासून सांगत होते. मला तेव्हा वाटलं, वेडा म्हणा काही म्हणा, साऱ्या गावात त्या दिवशी तेवढा एकच माणूस हजर होता.

आणि तानी? तिचा जीव मात्र मेटाकुटीला आलेला. तात्या सकाळी उठल्यापासून तिला विचारायचे. भूक लागली म्हणून खातीस, का वेळ झाली म्हणून? साळंत जावंसं वाटतंय का? ही वेणी तूच अशी घातलीस, का आई घालती म्हणून? तानी तोंडानं फटकळ. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तात्या, मला नुसतं जगू द्या की वाईच!" तात्या त्यावरही विचार करायचे. पण रात्री पोरीला ताप असला तर उशाशी बसून राहायचे, डोळ्याला डोळा न लावता. विंचू निघेल म्हणून तिच्या पायताणात रोज हात घालून बघायचे.

पोर वयात आली. कृष्णाबाईंच्या भावाचा किसन, त्याला द्यायची हे पाळण्यात ठरलेलं. मामा सुपारी फोडायला आले. पाटावर बसले, नारळ पुढं झाला, आणि तात्या म्हणाले, "थांबा. पोरीला इचारतो."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोरीला कुणी विचारतं होय? आमच्या वेळी तर नवऱ्याचं तोंड अंतरपाट निघाल्यावर दिसायचं. तात्यांनी तानीला बाहेर बोलावलं. "किसनसंगं लगीन करायचंय का? आई म्हणती म्हणून न्हाई. तू बघून सांग." आत आम्ही बायका दाराला कान लावून. तानी स्पष्ट म्हणाली, "व्हय. करायचंय मला. मला त्यो आवडतुया." आत एकच हशा पिकला, कृष्णाबाईंनी लाजून तोंडावर पदर घेतला. आमच्यापैकी एकीलाही तसं म्हणायला मिळालं नव्हतं. पुढच्या माघात लग्न करायचं ठरलं.

तो उन्हाळा वाईट होता. तात्यांनी बांधाकडच्या तुकड्यात मिरची लावली होती, ती भर फुलात, आणि विहिरीनं तळ गाठला. तात्यांनी मोट थांबवली. तानी म्हणाली, मी उतरते. तात्या नाही म्हणाले. तानी म्हणाली, "तुमीच म्हणता न्हवं, बघून ठरीव? मी बघितलं. मिरची वाळून चाललीया, मला पवता येतंय, मी उतरनार." आणि पदर खोचून उतरलीसुद्धा. तात्यांना तिचंच काय, स्वतःचंही बोलणं मोडता येईना.

पहिल्या दिवशी तात्या दर खेपेला "तानी, हाणू का?" विचारायचे, खालून "हाणा!" आलं की खाली वाकून बघायचे, पुन्हा विचारायचे, मग बैल हलवायचे. दुसऱ्या दिवशी एकदाच विचारायला लागले. पुढं चार-दोन दिवस गेले. ऊन, चाकाची कुरकुर, बैलांच्या घुंगरांचा आवाज. "हाणू का?" "हाणा!" "बरं." "हाणू का?" "हाणा!" "बरं."

मी थारोळ्यावर धुणं धूत होते, तात्यांपासून दहा हातांवर. तात्या म्हणाले, "हाणू का?" खालून तानी ओरडली, "थांबा!" तात्या म्हणाले, "बरं." आणि बैल हाणले.

मी किंचाळले. बैल दोन-तीन पावलं उतरले असतील, तोवर तात्यांनी कासरा ओढला, पण तेवढं पुरलं. मोटेच्या लोखंडी कड्यात नाडा सरकला होता, तो बसवायला तानीनं डावा हात घातला होता. तेवढ्यावरून ती उचलली गेली आणि हात सुटून खाली चिखलात पडली. जीव वाचला. तिला वर काढलं तेव्हा ती रडत नव्हती, हाताकडं बघत होती. विट्याच्या डॉक्टरांनी तीन बोटं काढली, अंगठा आणि करंगळी राहिली.

तात्या धावेवर बसून होते. मी जवळ गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी ऐकलं हुतं. बरं बी म्हणलो." पुढं कितीतरी दिवस त्यांनी दुसरं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. आता भाकरी मोडतो नाही, आता पायताण घालतो नाही. रोजच्या वाटेनं जायचे, यायचे. पोरं मागून चालली तरी वळायचे नाहीत. पोरांनीही मग नाद सोडला.

मामा येऊन गेले. तानीचा हात बघितला, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले. निघताना उंबऱ्यात म्हणाले, "माघात न्हाई जमायचं. बघू पुढं." सगळ्यांना समजलं. किसन दाराबाहेर बैलगाडीत बसून होता, उतरलाही नाही. मला असा संताप आला त्या पोराचा! तानी आतून सगळं ऐकत होती. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर म्हणाली, "काकू, मला कुणी इचारू नगा आता. कुणीच काय इचारू नगा."

त्या दिवशी कृष्णाबाई बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दिराशी तोंड वर करून बोलताना बघितलं. तात्या ओट्यावर बसले होते. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी इतकी वर्सं हिरीत त्वांड घालून इचारत हुता. माझ्या नवऱ्याला इचारताय असं मला वाटायचं. दर खेपंला माझ्या काळजात चर्र व्हायचं. पर तुमी त्येला न्हाई इचारत. तुमी सोताला इचारत हुता, आन सोताच व्हय म्हणत हुता. खालच्या मान्साचं ऐकाय तुमी कवा थांबलाच न्हाई."

तात्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण ते नेहमीसारखे विचार करायला लागले, चांगला बराच वेळ. मग म्हणाले, "खरं हाय." आणि थोड्या वेळानं, "वरती बसून ऐकू येत न्हाई, कृष्णाबाई. वरच्याचं काय जात न्हाई न्हवं."

त्यानंतर पावसाळा आला, गेला. लढाई कधीच संपली होती. माझे मालक परत येऊन साताऱ्याला एका कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि पुढच्या उन्हाळ्यात मला न्यायला आले. सामान गाडीत चढत होतं. मी म्हटलं, शेजाऱ्यांना सांगून येते.

घरी कृष्णाबाई एकट्याच होत्या. बाकीची विहिरीवर आहेत म्हणाल्या. बांधावरून गेले तर धावेवर तानी. बाईमाणूस मोट हाकतंय म्हणून गावानं तोंडात बोटं घातली होती, तिला त्याचं काही नव्हतं. कासरा तिनं डाव्या मनगटाला गुंडाळून घेतला होता, उजव्या हातात चाबूक. वाळली होती पोर. मला बघून हसली नाही, मान हलवली फक्त.

"तात्या कुटं हायत?" मी विचारलं.

तिनं विहिरीकडं बोट केलं.

मी काठावर जाऊन वाकून बघितलं. खाली तळाशी, मांडीभर गढूळ पाण्यात तात्या उभे होते. उघडे, कमरेला पंचा, बरगड्या मोजाव्यात असे. मोट दाबून भरत होते. जिथं तुका उभा असायचा त्याच जागी. मी हाक मारणार होते, तेवढ्यात वरून तानी ओरडली, "तात्या, हाणू का?"

"हाण!"

बैल गेले, मोट माझ्या अंगावरून पाणी उडवत वर आली, ओतली, पुन्हा खाली गेली. तात्यांनी पुन्हा ती दाबली, भरली. बैल धावेच्या माथ्यावर येऊन उभे राहिले. त्यांना पाठ होतं, पाय उचललेच होते, तानीनं कासरा आवळून धरला.

"तात्या, हाणू का?"

"थांब!"

मी वाकून बघितलं. नाडा मोकळा होता. मोट काठोकाठ भरलेली. तात्या तिच्यापासून बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे, हात रिकामे, तोंड वर केलेलं. तानी कासरा धरून तशीच उभी. मनगटाला काच पडला होता. बैल पुढं ओढत होते, तिनं पाय रोवले होते.

"काय झालं, तात्या?"

"कायी न्हाई," खालून आवाज आला. "तू हायस का, त्ये बघितलं."

"हाय," तानी म्हणाली.

तिकडून माझे मालक हाका मारत होते, गाडी जुंपून तयार होती. मी निघाले. बांधावर जाऊन मागं बघितलं, तर तानी अजून उभीच होती, बैलांना धरून, खालून आरोळी यायची वाट बघत.